तुर्कस्तान तळ्यात की मळ्यात?

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा : तुर्कस्तान १९५२ पासून नाटोचा सदस्य आहे, तरी तो रशियाकडून हवाई संरक्षण यंत्रणा विकत घेतो, त्याच रशियाशी लढणाऱ्या युक्रेनला ड्रोन विकतो, इस्रायलशी व्यापार बंद करतो आणि इस्रायलच्या सर्वांत मोठ्या पाठीराख्याशी, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी, दोस्तीही राखतो. मग हा देश नेमका कोणाच्या बाजूचा, ट्रम्प परत आल्यापासून त्याचे वजन वाढले की घटले, आणि भारताने त्याच्याकडे कसे पाहावे?

परराष्ट्र व्यवहारांच्या कामात, त्यातही पश्चिम आशियाशी संबंधित फायलींवर, माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो, की ‘कोणाच्या बाजूचा’ या प्रश्नाला अंकाराच्या, म्हणजे तुर्की सरकारच्या, बाबतीत उत्तर मिळत नाही. तिथे प्रत्येक विषयाचा हिशेब वेगळ्या वहीत लिहिला जातो आणि एका वहीतले येणे दुसऱ्या वहीतल्या देण्यात सहसा वळते केले जात नाही. रशियाशी वायूचा व्यवहार, युक्रेनशी शस्त्रांचा, युरोपशी निर्वासितांचा, अमेरिकेशी विमानांचा. यांतला एक बिघडला म्हणून दुसरा थांबवायचा नाही, असा हा रिवाज आहे. (देशाने २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आपले नाव ‘तुर्किये’ असे नोंदवून घेतले आहे. मराठीत तुर्कस्तान रुळलेले असल्याने मी तेच वापरतो.)

हा रिवाज राष्ट्राध्यक्ष एर्दोगन यांच्यापासून सुरू झाला, असे पाश्चात्त्य वृत्तपत्रे वाचून वाटते. त्याची मुळे बरीच जुनी आहेत आणि ती पाहायची तर १९३६ च्या माँट्रो करारापासून सुरुवात करावी लागते. बोस्फरस आणि दार्दानेल्स या दोन सामुद्रधुनींचा ताबा या कराराने तुर्कस्तानला परत मिळाला. व्यापारी जहाजांना शांततेच्या काळात मुक्त वाट, काळ्या समुद्राला किनारा नसलेल्या देशांच्या युद्धनौकांवर एकूण वजनाची मर्यादा आणि जास्तीत जास्त २१ दिवसांचा मुक्काम, आणि युद्ध सुरू असेल व तुर्कस्तान स्वतः त्यात नसेल तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना बंदी, अशी त्याची ढोबळ रचना आहे. बंदीला एकच महत्त्वाचा अपवाद आहे : आपल्या मूळ तळावर परतणारी नौका जाऊ शकते.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा या करारातील १९ वे कलम एकदम जिवंत झाले. तुर्कस्तानने आधी काही दिवस शब्द जपून वापरले. मग २७ तारखेला परराष्ट्रमंत्र्यांनी या घटनेला ‘युद्ध’ म्हटले आणि दुसऱ्या दिवशी सामुद्रधुनी युद्धनौकांसाठी बंद झाल्याचे जाहीर झाले. ‘युद्ध’ या एका शब्दाला इतकी किंमत होती, कारण तो उच्चारल्याशिवाय कलम लागू होत नव्हते. एप्रिलमध्ये रशियाची ‘मोस्क्वा’ ही क्रूझर बुडाली, तेव्हा त्याच वर्गातील रशियाच्या आणखी दोन नौका भूमध्य समुद्रात होत्या. पण त्यांचा मूळ तळ काळ्या समुद्रात नसल्यामुळे त्या आत येऊ शकल्या नाहीत. पुढे युक्रेनने रशियन आरमाराला मागे रेटले आणि ओदेसा बंदरातून धान्य पुन्हा निघू लागले. त्याचे श्रेय युक्रेनच्या क्षेपणास्त्रांना व सागरी ड्रोनना आहेच, पण रशियाला बाहेरून कुमक आणता आली नाही हेही तितकेच खरे.

गोष्ट इथे संपली असती, तर तुर्कस्तान युक्रेनच्या बाजूचा असे म्हणता आले असते. पण जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनने युक्रेनला देऊ केलेल्या दोन सुरुंगशोधक नौकांनाही अंकाराने याच कराराचे बोट दाखवून वाट नाकारली. शिवाय बंदी घालतानाच काळ्या समुद्राला किनारा नसलेल्या देशांनीही नौका पाठवू नयेत अशी विनंती केलेली होती, म्हणजे अमेरिकी आरमारही बाहेरच राहिले. मग सुरुंग कोणी काढायचे? तुर्कस्तान, रोमानिया आणि बल्गेरिया या तीन किनारी देशांनी मिळून, आणि तसा करार त्याच महिन्यात इस्तंबुलमध्ये झाला. काळा समुद्र रशियाचे तळे होऊ नये आणि नाटोचेही होऊ नये, हे तुर्की आरमाराचे जुने धोरण आहे. ज्या देशाने एका शतकाहून जास्त काळ रशियाशी लढाया करून सतत जमीन गमावली, त्याच्या दृष्टीने रशियाला डिवचणे आणि रशियाला मोकळे रान देणे या दोन्ही गोष्टी सारख्याच धोक्याच्या आहेत.

एकदा हे ध्यानात आले की पुढच्या गोष्टींचे कोडे राहत नाही. तुर्कस्तानने रशियावर निर्बंध घातले नाहीत. रशियन वायू येत राहिला आणि भूमध्य किनाऱ्यावर अक्कुयू येथे रशियाची कंपनी अणुवीज प्रकल्प उभारत राहिली. दुसऱ्या वहीत, तुर्की बनावटीचे बायरक्तार ड्रोन युक्रेनला मिळाले आणि क्रिमिया युक्रेनचाच आहे ही भूमिकाही अंकाराने कधी सोडली नाही, कारण क्रिमियातील तातार हे तुर्कांचे भाषाबंधू. दोघांशीही बोलणे सुरू असल्यामुळे जुलै २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांबरोबर धान्य करार घडवता आला. तो वर्षभर टिकला आणि सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य व अन्य शेतमाल त्यातून बाहेर पडला. ऑगस्ट २०२४ मधील रशिया आणि पाश्चात्त्य देश यांच्यातील कैद्यांची मोठी अदलाबदल अंकारा विमानतळावर झाली, आणि २०२५ मध्ये रशिया व युक्रेनची शिष्टमंडळे पुन्हा समोरासमोर बसली तीही इस्तंबुलमध्येच. त्या बैठकांतून युद्धविराम निघाला नाही. कैदी आणि मृतदेह मात्र परत गेले.

नाटोच्या आतील सौदेबाजीचा नमुना म्हणून स्वीडनचे प्रकरण पाहावे. मे २०२२ मध्ये स्वीडन आणि फिनलंड यांनी सदस्यत्वासाठी अर्ज केला. नाटोत नवा सदस्य घ्यायचा तर प्रत्येक जुन्या सदस्याची संमती लागते आणि इथे तुर्कस्तानने अडवणूक केली. वरकरणी तक्रार होती ती स्वीडनमध्ये आसरा मिळालेल्या पीकेके या कुर्दी सशस्त्र संघटनेच्या समर्थकांबद्दल, आणि तक्रार अगदीच खोटी होती असेही नाही. स्वीडनला आपला दहशतवादविरोधी कायदा कडक करावा लागला. पण खरे घोडे वॉशिंग्टनमध्ये अडले होते. तुर्की संसदेने २३ जानेवारी २०२४ ला स्वीडनला मंजुरी दिली आणि तीनच दिवसांत अमेरिकी सरकारने तुर्कस्तानला ४० नवी एफ-१६ विमाने आणि ७९ जुन्या विमानांचे आधुनिकीकरण संच विकण्याचा सुमारे २३ अब्ज डॉलरचा प्रस्ताव काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, ठेवला. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. गंमत अशी, की त्याच वर्षाच्या अखेरीस तुर्कस्तानने हे संच आम्ही देशातच बनवू म्हणून मागणीतून वगळलेही.

प्रत्येक वही वेगळी ठेवण्याच्या या पद्धतीचे गोडवे अलीकडे फार गायले जातात, आपल्याकडेही. म्हणून ती जिथे साफ फसली, ते एस-४०० या रशियन हवाई संरक्षण यंत्रणेचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगतो. तुर्कस्तानला दूर पल्ल्याची हवाई संरक्षण यंत्रणा हवी होती आणि अमेरिकी पेट्रियटबरोबर तंत्रज्ञानही हवे होते, जे अमेरिका द्यायला तयार नव्हती. २०१३ मध्ये चिनी यंत्रणा निवडून झाली, दोन वर्षांनी तो बेत सोडला गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तुर्की विमानांनी सीरियाच्या सीमेवर रशियाचे विमान पाडले. रशियाने पर्यटक आणि भाजीपाला रोखून तुर्कस्तानचे नाक दाबले आणि सात महिन्यांत एर्दोगन यांना खेदाचे पत्र लिहावे लागले. लगेच १५ जुलै २०१६ ला लष्करातील एका गटाने बंड केले, बंडखोरांच्या एफ-१६ विमानांनी संसदेवर बाँब टाकले, आणि अंकाराच्या समजुतीप्रमाणे पाश्चात्त्य राजधान्यांनी निषेध करायला वेळ लावला तर पुतिन यांनी तो आधी केला. या वातावरणात २०१७ मध्ये एस-४०० चा करार झाला. केवळ लष्करी गरजेतून हा निर्णय निघाला असे मला कधीच वाटले नाही. त्यात राग होता आणि रागात केलेली शस्त्रखरेदी महागच पडते.

जुलै २०१९ मध्ये यंत्रणेचे भाग उतरले आणि त्याच महिन्यात अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ या लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून बाहेर काढले. या विमानाचे ९०० हून अधिक सुटे भाग तुर्की कारखाने बनवत होते, १.४ अब्ज डॉलर भरून झाले होते आणि तुर्कस्तानसाठी तयार झालेली सहा विमाने अमेरिकेतच पडून राहिली. डिसेंबर २०२० मध्ये रशियाकडून मोठी शस्त्रखरेदी करणाऱ्यांविरुद्धच्या काट्सा कायद्याखाली तुर्की संरक्षण खरेदी संस्थेवर निर्बंध आले. (एस-४०० आपणही घेतल्या. आपल्यावर निर्बंध आले नाहीत, कारण आपण नाटोत नाही आणि आपल्या हवाई दलात एफ-३५ येणार नव्हते. एकाच वस्तूची किंमत दोन गिऱ्हाइकांना वेगवेगळी पडते.) ज्या एस-४०० साठी हे सारे घडले, त्या नाटोच्या हवाई संरक्षणाच्या जाळ्याला जोडताच येत नाहीत.

आता ट्रम्प यांच्याकडे वळू. ते आणि एर्दोगन यांचे जमते हे खरे, पण २०१८ मध्ये एका अमेरिकी पाद्र्याच्या अटकेवरून तुर्की पोलादावरील आयातशुल्क दुप्पट करून लिरा या तुर्की चलनाची घसरगुंडी वाढवणारे ट्रम्पच होते आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये एर्दोगन यांना ‘मूर्खपणा करू नका’ असे पत्र धाडणारेही तेच. तरी बायडेन यांच्या चार वर्षांत एर्दोगन यांची व्हाइट हाउसमध्ये भेट एकदाही झाली नव्हती, ती ट्रम्प यांच्याकडे २५ सप्टेंबर २०२५ ला झाली. त्या सुमारास तुर्की विमान कंपनीने बोइंगच्या मोठ्या खरेदीची घोषणा केली आणि अमेरिकी द्रवरूप वायूचा वीस वर्षांचा करारही झाला. ट्रम्प यांनी रशियन तेल घेणे थांबवा असे सुनावले ते याच भेटीत. मे २०२५ मध्ये सीरियावरील निर्बंध उठवण्याची घोषणा करताना त्यांनी सौदी युवराजांबरोबर एर्दोगन यांच्या शब्दाचाही उल्लेख केला होता, आणि ऑक्टोबरमध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे गाझातील युद्धविरामाच्या दस्तऐवजावर अमेरिका, इजिप्त आणि कतार यांच्याबरोबर चौथी सही तुर्कस्तानची होती.

म्हणजे दूरध्वनीवर मिळणाऱ्या गोष्टी आता पटकन मिळतात. पण कायद्याने अडलेल्या गोष्टी अडलेल्याच आहेत. एस-४०० ताब्यात असेपर्यंत एफ-३५ द्यायचे नाहीत, अशी अट अमेरिकी काँग्रेसने कायद्यातच घालून ठेवली आहे. ती राष्ट्राध्यक्षांच्या मैत्रीने सुटत नाही. तुर्कस्तान स्वतःचे ‘कान’ नावाचे लढाऊ विमान बनवत आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने पहिले उड्डाणही केले. पण त्याचे इंजिन सध्या अमेरिकी आहे आणि त्या इंजिनांचे परवाने काँग्रेसमध्ये अडकल्याची तक्रार परराष्ट्रमंत्री हाकान फिदान यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये उघडपणे केली. तेव्हा वजन वाढले की घटले या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की प्रवेश वाढला आहे, हमी वाढलेली नाही. व्यक्तींवर उभे असलेले संबंध त्या व्यक्तींइतकेच टिकतात, आणि दोन्ही व्यक्तींनी सत्तरी ओलांडली आहे.

युरोपातला बदल मला याहून खोल वाटतो, आणि आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. युरोपीय संघाने तुर्कस्तानला १९९९ मध्ये उमेदवार मानले, २००५ मध्ये वाटाघाटी सुरू केल्या आणि २०१८ पर्यंत त्या गोठल्या. मधल्या काळात, मार्च २०१६ मध्ये, निर्वासित रोखण्याचा करार झाला, ज्यात सहा अब्ज युरोच्या मदतीचे आश्वासन होते. तेव्हापासूनच संबंधांतील ‘लोकशाही’ हा विषय मागे पडत गेला. अमेरिका आपले रक्षण करीलच याची खात्री २०२५ मध्ये युरोपला वाटेनाशी झाली, तेव्हा तो विषय आणखी मागे गेला. इस्तंबुलचे महापौर आणि एर्दोगन यांचे सर्वांत तगडे प्रतिस्पर्धी एक्रेम इमामोलू यांना १९ मार्च २०२५ ला ताब्यात घेण्यात आले. रस्त्यांवर लाखो लोक उतरले. युरोपीय राजधान्यांतून चिंता व्यक्त झाली. जुलैमध्ये जर्मनीने युरोफायटर विमानांच्या विक्रीवरची हरकत मागे घेतली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी अंकारात जाऊन २० विमानांचा आठ अब्ज पौंडांचा करार केला. इमामोलू तेव्हा तुरुंगातच होते.

युरोपला तुर्कस्तान का हवा आहे, याचे कारण कारखान्यांत आहे. नाटोतील अमेरिकेखालोखालची मोठी फौज त्याच्याकडे आहेच, शिवाय ड्रोन, तोफगोळे आणि लहान युद्धनौका तो कमी किमतीत आणि लवकर बनवतो. बायरक्तार बनवणाऱ्या बायकार कंपनीने इटलीची पियाज्जो ही विमान कंपनी घेतली आणि इटलीच्याच लिओनार्दो या संरक्षण कंपनीशी भागीदारी केली. अडथळा आहे तो ग्रीस आणि सायप्रस या युरोपीय संघाच्या सदस्य देशांचा. युरोपीय संघाने मे २०२५ मध्ये १५० अब्ज युरोचा संरक्षण कर्जनिधी मंजूर केला. त्यात तुर्कस्तानला पूर्ण वाटा मिळायचा असेल तर ग्रीसने आपली सागरी हद्द बारा मैलांपर्यंत वाढवल्यास ते युद्धाचे कारण मानू, हा १९९५ चा तुर्की संसदेचा ठराव आधी मागे घ्या, असे अथेन्सचे म्हणणे आहे. आणि सायप्रस? १९७४ मध्ये तुर्की फौज तिथे उतरली, ती अजून तिथेच आहे.

सीरियाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिथले चित्र अजून हलते आहे. ८ डिसेंबर २०२४ ला असद राजवट कोसळली. एकेकाळी छत्तीस लाखांहून अधिक सीरियन निर्वासित सांभाळणाऱ्या आणि उत्तर सीरियात २०१६ पासून फौज ठेवलेल्या तुर्कस्तानला त्यातून सर्वाधिक फायदा झाला. पण त्यामुळे तो इस्रायलच्या थेट समोर आला. एप्रिल २०२५ मध्ये इस्रायलने सीरियातील ज्या हवाई तळांवर बाँब टाकले, त्यांपैकी काही तळांची तुर्की पथके पाहणी करत असल्याच्या बातम्या होत्या. त्यानंतर लगेच दोन्ही देशांचे अधिकारी चकमक टाळण्यासाठी अझरबैजानच्या राजधानीत, बाकूमध्ये, भेटले. सार्वजनिक भाषा जितकी जहाल, तितकी अशी शांत व्यवस्था लवकर उभी राहते, असा माझा अनुभव आहे. व्यापारबंदीही नीट पाहावी. गाझा युद्ध ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाले, पण व्यापार पूर्ण थांबला २ मे २०२४ ला. मध्ये काय घडले? ३१ मार्चच्या स्थानिक निवडणुकांत एर्दोगन यांचा पक्ष प्रथमच दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि इस्रायलशी व्यापार चालू ठेवल्याबद्दल त्यांना धारेवर धरणाऱ्या एका इस्लामी पक्षाने त्यांची मते खाल्ली. परराष्ट्र धोरणाची तारीख अनेकदा देशांतर्गत दिनदर्शिकेत सापडते.

राहता राहिला भारत. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात आपण ‘ऑपरेशन दोस्त’ या नावाने बचाव पथके आणि लष्करी रुग्णालय पाठवले. मे २०२५ च्या संघर्षात तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला आणि पाकिस्तानने वापरलेले ड्रोन तुर्की बनावटीचे असल्याचे आपल्या सरकारने सांगितले. त्यावर मुंबईसह अनेक विमानतळांवर काम करणाऱ्या चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द झाली आणि पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे बंद केले. त्या दिवसांत ‘इतके करूनही हे कृतघ्न निघाले’ असा सूर सर्वत्र होता. तो समजण्यासारखा असला तरी धोरण म्हणून उपयोगाचा नाही. भूकंपातील मदत ही अंकाराच्या लेखी वेगळी वही आहे आणि पाकिस्तान ही शीतयुद्धाच्या काळापासूनची, लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणापासून युद्धनौकांच्या बांधणीपर्यंत पसरलेली वेगळी वही.

सफरचंदांनी तुर्कस्तानचे फारसे बिघडत नाही. त्याला जाणवते ते दुसरेच. पुण्याच्या संशोधन संस्थेत विकसित झालेली पिनाक रॉकेट यंत्रणा भारताने आर्मेनियाला विकली, जो आर्मेनिया २०२० मध्ये अझरबैजानविरुद्धच्या काराबाख युद्धात तुर्की ड्रोनपुढे हरला होता. जून २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी सायप्रसला गेले आणि निकोसियातील विभाजनरेषेजवळ उभे राहिले. भारतातून आखाती देश आणि इस्रायलमार्गे ग्रीसकडे जाणारा जो व्यापारी मार्ग २०२३ च्या दिल्ली परिषदेत जाहीर झाला, त्यातून तुर्कस्तानला वगळलेले आहे. ‘तुर्कस्तानशिवाय मार्ग होणार नाही’ असे एर्दोगन तेव्हाच म्हणाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी बगदादला जाऊन इराकच्या फाव बंदरापासून तुर्की सीमेपर्यंतच्या रस्ता व रेल्वे प्रकल्पाच्या करारावर इराक, कतार आणि अमिराती यांच्यासह सह्या घडवून आणल्या. त्यांतले अमिराती दिल्लीच्या मार्गातही आहेत. दोन्ही मार्ग आजतरी बहुतांशी कागदावर आहेत. त्यांतल्या कुठल्या बंदरात क्रेन आधी उभ्या राहतात, ते पाहत राहावे.